डब्लिनमधलं चौदा नंबरचं घर आणि महालातले आपले वाडे

ढेलज | शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी, मुलीकडे डब्लिनला दोन महिने राहून मागच्या आठवड्यात नागपूरला परतलो. तिथे एक घर पाहिलं. ते मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबेल, सांभाळून घ्या.

लिफी नदीच्या उत्तरेला हेन्रिएटा स्ट्रीट नावाची एक आखूड, चढाची गल्ली आहे. दोन्ही अंगांना विटांची उंच घरं आणि टोकाला किंग्ज इन्स ही वकिलांची जुनी संस्था. ल्यूक गार्डिनर नावाच्या माणसाने १७२० च्या दशकात ही गल्ली आखली. तिथलं चौदा नंबरचं घर आता संग्रहालय आहे. आपलं आपण फिरायला मिळत नाही. दहा-पंधरा जणांचा गट करतात आणि एक वाटाड्या सव्वा तास घरभर नेत गोष्ट सांगतो. मुलीने तिकिटं काढली तेव्हा मी म्हटलं होतं, झुंबरं आणि लॉर्डांच्या तसबिरीच असतील. निघालं वेगळंच.

सुरुवात लॉर्डांपासूनच होते. हे घर १७४० च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं आणि लॉर्ड मोल्सवर्थ आणि त्याची बायको तिथे पहिल्यांदा राहायला आले. उंच छत, गिलाव्यातली नक्षी, मोठाले दिवाणखाने. पुढे १८०१ मध्ये आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली. सत्ता गेली, तसे बडे लोकही डब्लिन सोडून गेले. महालात, म्हणजे नागपूरच्या जुन्या वस्तीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आपलं नागपूरचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, दहा वर्षांनी भोसल्यांचा मोठा राजवाडा जळाला, आणि राज्याच्या आधाराने उभे असलेले वाडे हळूहळू खोल्या-खोल्यांनी भाड्याने जायला लागले.

चौदा नंबरात आधी वकील आले. मोठ्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेल्या जमीनदारांच्या जमिनी विकणारं न्यायालय तिथे बसायचं, मग काही वर्षं फौजेच्या लोकांचा मुक्काम होता. १८७७ मध्ये थॉमस व्हान्स नावाच्या मालकाने घर घेतलं. मुख्य भव्य जिना काढून टाकला आणि घराची सतरा बिऱ्हाडं केली. १९११ च्या जनगणनेत या एका घरात शंभर माणसं होती. अख्ख्या गल्लीत साडेआठशेच्या वर. शेवटचं कुटुंब गेलं ते १९७० च्या दशकाच्या अखेरीस. म्हणजे मी महालातल्या शाळेत जात होतो त्या काळात तिथेही एका खोलीत चूल, पलंग आणि अभ्यास चालू होता.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिवाणखाने संपवून आपण बिऱ्हाडकरूंच्या जिन्याकडे येतो. तिथल्या भिंती खाली लाल आणि वर निळ्या आहेत, आणि त्या तशाच ठेवल्यात. रंग उडालेला, लाखो वेळा हात लागून गुळगुळीत झालेला. वाटाड्या म्हणाली, लाल म्हणजे रॅडल, आणि निळा म्हणजे रेकिटची नीळ. मी तिथेच थांबलो. रॅडल म्हणजे आपला गेरू. आणि रेकिटची नीळ म्हणजे ज्या कंपनीची रॉबिन ब्लू आमच्या घरी कपड्यांना होती तीच! पोळ्याच्या आधी चुन्याच्या डब्यात आई तीच नीळ कालवायची आणि आम्ही दोन खोल्या पोतारून काढायचो. खाली गेरूचा पट्टा ओढायचं काम माझ्याकडे असायचं.

वाटाड्याने विचारलं, तुमच्यापैकी कुणी अशा घरात राहिलंय का? मी हात वर केला. महालात, बडकस चौकापासून थोडं आत, एका वाड्यात आम्ही अकरा बिऱ्हाडं होतो. नळ एकच. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत सांगत होतो आणि गटातली एक म्हातारी आयरिश बाई मान हलवत होती. तिचं बालपण तसल्याच घरात गेलेलं. निघताना तिने माझा हात धरला, बोलली काहीच नाही.

शेवटची खोली शेवटच्या काळातल्या बिऱ्हाडासारखी लावली आहे. पलंग, चहाची भांडी, भिंतीवर देवाची चित्रं. माणसं आता उठून बाजारात गेली असावीत असं वाटतं. हे सगळं तिथे राहून गेलेल्यांना विचारून लावलंय. डब्लिनच्या महापालिकेने घर ताब्यात घेऊन दहा-बारा वर्षं काम केलं, २०१८ मध्ये लोकांसाठी उघडलं, आणि आठवणी गोळा करणं अजून चालूच आहे.

आपल्या वाड्यांवर लिहिलं जातं तेव्हा कोणत्या सरदाराने, कधी बांधला एवढंच येतं. शंभर-शंभर वर्षं जे भाड्याने राहिले त्यांचं काय? आमचा वाडा अर्धा पडलाय, उरलेला दिवाळीनंतर उतरवणार आहेत. तुमच्यापैकी कोण-कोण वाड्यात राहिलंय? जे आठवतं ते इथे लिहा.

---

इतवारीकर | शुक्रवार, रात्री १०:२५

काय लिहिलं भाऊ! वाचता वाचता मी माझ्या आज्याच्या घरी पोचलो. उन्हाळ्यात दुपारी ढेलजेत (दारालगतच्या ओसरीत) जमिनीवर ओली चादर टाकून निजायचो आम्ही. त्या मातीच्या भिंतींसारखा गारवा आता कोणता कूलर देऊन राहिला?

आपल्याकडे म्युझियम आहे, १८६३ चं. अजब बंगला. मूर्ती आहेत, शिलालेख आहेत, शस्त्रं आहेत, भुसा भरलेले प्राणी आहेत. लहानपणी पन्नासदा गेलो असेन. पण माझ्या आजीचं जातं, पाटा, कवेलूचं (कौलारू) घर, रेशनची रांग, त्यातलं तिथे काहीच नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वेण्या-फण्या पाहून मला असंच वाटलं होतं, की रोजच्या वापराच्या गोष्टीलाही कोणीतरी काचेत ठेवतं. पण त्या वस्तू कोणाच्या घरातल्या, त्या घरात काय चालायचं, ते कळत नाही. तुम्ही सांगून राहिले ते वेगळं आहे. तिथं घरच बोलते.

---

माजघर | शनिवार, सकाळी ७:१०

ढेलज, तुमचं लिखाण आवडलं. तरी मी थोडं कडू लिहिणार आहे.

मी १९६८ मध्ये लग्न होऊन तुळशीबागेकडच्या एका वाड्यात आले. आता सत्त्याहत्तर वर्षांची आहे. वाड्याच्या आठवणी लोक लिहितात तेव्हा अंगण असतं, तुळस असते, सगळ्यांनी मिळून केलेल्या कुरड्या असतात, सांबारवड्यांचा वास असतो. ते खोटं नाही. पण ते लिहिणारे बहुतेक तिथली मुलं होती. सुनांना विचारा.

नळाला पाणी पहाटे चारला यायचं. सासूबाई तीनला हाक मारायच्या. अंधारात आंघोळ उरकायची, कारण न्हाणीला दार नव्हतं, पोत्याचा पडदा होता. महिन्याचे चार दिवस जिन्याखालच्या सांदीत बसायचं. तिथे कंदील ठेवायला कोनाडा होता, त्याच्या काजळीचा डाग वाडा पडेपर्यंत तसाच होता. माझं पहिलं बाळंतपण माजघरात झालं. उजेड येत नाही म्हणून त्या खोलीला कोणी भाडेकरू घेत नव्हतं, म्हणून ती आमच्या वाट्याला आली होती. नवरा-बायकोला बोलायला जागा नाही. रागही दबक्या आवाजात करायचा, हुंदकाही. मृगाच्या आधी कवेलू फेरायला माणूस मिळाला नाही तर सगळा पावसाळा भांडी मांडून काढायचा, आणि वानरांनी उडी मारली की पुन्हा कवेलू फुटायचे.

आणि एक गोष्ट, जी मी कधी कुठे लिहिली नाही. वाड्याला मागे एक बोळ होती. त्या बोळीकडून संडासाची लोखंडी झडप उघडायची. रोज सकाळी एक बाई यायची, टोपली भरून डोक्यावर न्यायची. उन्हाळ्यातही, पावसातही. तिला भाकरी दिली जायची ती वरून, पाणी दिलं जायचं ते वरून. मीही तसंच दिलं. आमच्याकडे फ्लशचा संडास १९७४ मध्ये आला. तोवर सहा वर्षं मी तिला रोज पाहिलं आणि तिचं नाव मला माहीत नाही. आम्ही तिला नावाने हाकच मारली नाही.

वाड्याचं संग्रहालय करायचं असेल तर जरूर करा. पण लोकांना पुढच्या दिंडी दरवाजातून आणू नका. त्या मागच्या बोळीतून आत आणा.

---

ढेलज | शनिवार, सकाळी ८:०५

काकू, तुमचं लिहिणं तीनदा वाचलं. मी त्या बोळीत चेंडू शोधायला जायचो, आणि आई रागवायची ते आठवलं. काहून रागवायची ते तेव्हा कळलं नव्हतं.

डब्लिनच्या घरातही हाल होते, ते लपवलेले नाहीत. मागच्या अंगणात सगळ्यांना मिळून थोडेसे संडास, पाण्याची ने-आण जिन्यावरून, लहान मुलांचे आजार. वाटाड्याने दुसऱ्या एका गल्लीची हकीकत सांगितली. चर्च स्ट्रीटवर २ सप्टेंबर १९१३ रोजी अशीच बिऱ्हाडांची दोन घरं कोसळली आणि सात जण गेले. त्यानंतर सरकारने या घरांची चौकशी लावली. हे सांगताना तिने आवाज चढवला नाही की रडवेला केला नाही. नुसतं सांगितलं, आणि आम्हाला त्या खोलीत थोडा वेळ उभं राहू दिलं. पण तुम्ही म्हणता ती जात आणि ती बोळ, हे आपलंच आहे. ते आपल्यालाच लिहावं लागेल.

---

पाचपावली | शनिवार, दुपारी १:३०

माजघर काकू, तुमच्या शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. मी ज्या वस्तीत वाढलो तिथल्या कित्येक आज्या तुमच्या बोळींतून आल्या-गेल्या आहेत. त्या घरी येऊन याबद्दल बोलायच्या नाहीत. कधी विषय निघालाच तर म्हणायच्या, "जाऊ दे, झालं ते झालं." १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर माझे आजोबा होते. त्यानंतर आमच्या घरात देव्हारा राहिला नाही आणि त्या जागी पुस्तकांची फळी आली. ती फळी अजून आहे. कुठल्या नागपुरी घराचं संग्रहालय व्हायचं असेल तर एका भिंतीवर ती फळी पाहिजे.

दुसरं म्हणजे, घर म्हणजे फक्त वाडा का? ढेलज भाऊ, तुम्ही १८७७ लिहिलंत. त्याच वर्षी १ जानेवारीला आपल्याकडे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तिकडे एका मालकाने घराची सतरा बिऱ्हाडं केली, इकडे भोंगा वाजला आणि आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊन एकेका खोलीत राहायला लागली. माझे पणजोबा त्यांतले. एका खोलीत तीन पाळ्यांची माणसं, एक उठून कामावर गेला की त्याच चटईवर दुसरा निजायचा. ती मिल बंद पडली, चिमणी गेली, भोंगा गेला. आमच्या घरी पणजोबांचा जेवणाचा डबा आहे, पितळी, चार कप्प्यांचा. तळाशी नंबर ठोकलेला आहे. तो नंबर कशाचा, हे सांगणारं आता कोणी नाही.

हलबा कोष्ट्यांची घरं पाहिली का कुणी? समोरच्या खोलीत जमिनीत खड्डा, त्यात पाय सोडून मागावर बसायचं, नऊवारी लुगडं विणायचं. बायका कांड्या भरायच्या, पोरं धागे जोडायची. घरच कारखाना. माझ्या मित्राच्या घरी तो खड्डा बुजवून वर फरशी टाकली, आणि त्याचे वडील अजून त्या फरशीवर खुर्ची ठेवत नाहीत.

---

तुळई_पाटई | शनिवार, सायंकाळी ६:४५

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते, म्हणून थोडं त्या बाजूने.

चौदा नंबरच्या घराबद्दल आम्हाला शिकवलं गेलं होतं. तिथली सगळ्यात मोलाची गोष्ट अशी, की त्यांनी घर कोणत्याही एका वर्षाला नेऊन ठेवलं नाही. लॉर्डाच्या काळासारखं चकचकीत करणं सोपं होतं. त्यांनी थर ठेवले. वॉलपेपरवर वॉलपेपर, रंगावर रंग, लिनोलियमचे तुकडे. कुणी खिळा ठोकला असेल तर तो खिळाही.

आपल्याकडे वाडा वाचवायचा म्हटलं की सगळ्यांत आधी गिलावा काढतात. मग पॉलिश. मग ते तीनशे वर्षांपूर्वीचं हॉटेल दिसायला लागतं. तुमची नीळ, काकूंची काजळी, सगळं एका दुपारी खरवडून जातं.

आणि वाडे म्हातारपणाने पडत नाहीत. ते पाण्याने पडतात. कवेलू फेरले नाहीत की पाणी पाटईच्या टोकांवर उतरतं, लाकूड भिंतीत जिथे शिरतं तिथेच कुजतं. बाहेरून दिसत नाही. त्यात कोणीतरी माती-चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करतं. जुनी भिंत ओल घेते आणि सोडते, सिमेंटने ती सोडायची वाट बंद होते. मग आतून भुगा. मी असे चार वाडे पाहिले आहेत, चारही ठिकाणी आधी "मजबुतीकरण" झालं होतं.

ढेलज, वाडा उतरवायच्या आधी निदान मोजमाप घेऊ या. टेप, वही, फोनचा कॅमेरा पुरे. प्रत्येक खोलीत कोणतं बिऱ्हाड कधी राहत होतं ते नकाशावर लिहायचं. मी येते.

---

मालकांचा_नातू | रविवार, सकाळी ११:२०

मी दुसऱ्या बाजूचा आहे. आमचा वाडा होता, महालातच. सात भाडेकरू.

आम्ही वाडा "बिल्डरला दिला" म्हणून आम्हाला नावं ठेवली गेली, अजून ठेवतात. १९४९ च्या सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेशाखाली भाडं गोठलं. २००० साली नवा कायदा लागू झाला तेव्हाही एका खोलीचं भाडं आमच्याकडे अठरा रुपये होतं. सातही जणांचं वर्षाचं भाडं एकत्र केलं तरी कवेलू फेरायची मजुरी निघत नव्हती. वडील भाडेकरूंना म्हणायचे, तुम्ही दुरुस्ती करा. भाडेकरू म्हणायचे, वाडा तुमचा. दोघांचंही खरं होतं. कोर्टात बावीस वर्षं गेली आणि तोवर मागची भिंत गेली. एका भाडेकरूची मुलगी माझ्या वर्गात होती, तिच्याशी मी दहावीनंतर बोललो नाही. काहून? तर तारखा चालू होत्या.

आता तिथे फ्लॅट स्कीम आहे. पण वडिलांच्या भाडेपावत्यांच्या वह्या मी फेकल्या नाहीत. १९३४ पासूनच्या आहेत. नावं, खोली, महिना, रुपये-आणे. मोडी सहीसुद्धा आहे काहींवर. कोणाला उपयोगी असतील तर द्यायला तयार आहे. भाडेकरूंच्या घरच्यांना चालणार असेल तरच.

---

ढेलज | रविवार, दुपारी १२:०२

दादा, त्या वह्या कृपा करून जपा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात गुंडाळा.

त्यांचं मोल सांगतो. आयर्लंडच्या १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे घरोघरचे मूळ कागद तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराने इंटरनेटवर मोफत ठेवलेत. चौदा नंबर टाका, की कोण, काय वयाचा, काय काम करायचा, वाचता येत होतं का, सगळं पुढे येतं. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार घरोघरच्या नोंदी गुप्त राहतात. म्हणून आपल्यासाठी भाडेपावत्या, जुन्या मतदार याद्या, कराच्या पावत्या, नझूलचे (सरकारी जमिनीचे) नकाशे, शाळेचे दाखले हेच. तुमच्या वडिलांची वही म्हणजे आपल्या चौदा नंबरचा कागद आहे.

आणि तुमच्या वर्गातली ती मुलगी कदाचित हा धागा वाचत असेल.

---

संत्रा_मोसंबी | रविवार, दुपारी ३:१५

न्यूयॉर्कमध्ये ९७, ऑर्चर्ड स्ट्रीटला असंच एक बिऱ्हाडांच्या घराचं संग्रहालय आहे. घर १८६३ चं, म्हणजे आपल्या अजब बंगल्याच्याच वयाचं. १९३५ मध्ये मालकाने वरचे मजले रिकामे करून बंद केले आणि पन्नासेक वर्षं ते तसेच राहिले, म्हणून सगळं वाचलं. मी २०१९ मध्ये पाहिलं. आपल्याकडे बंद घर पन्नास वर्षं टिकणार नाही, पाऊस आणि वाळवी ठेवत नाही. त्यामुळे जे करायचं ते लवकर. माझ्याकडे बरा रेकॉर्डर आहे. वयस्कर लोकांच्या मुलाखती घ्यायला कधीही बोलवा.

---

ढेलज | पुढचा रविवार, रात्री ८:३०

आज गेलो होतो. तुळई_पाटई, संत्रा_मोसंबी, पाचपावली आणि मी. आईलाही नेलं, ती पंच्याऐंशीची आहे. गांधी गेटपासून रिक्षा केली. केळीबाग रस्ता रुंद झाल्यापासून तिला वळण ओळखू येईना. सारखी म्हणत होती, "इथे तर दुकान होतं, इथे तर दुकान होतं."

वाड्यात शिरल्यावर मात्र तिला कोणी हात धरायची गरज पडली नाही. आमच्या खोल्यांचं छत गेलंय. तरी चूल कुठे, पाण्याचा माठ कुठे, माझ्या धाकट्या भावाचा पाळणा कोणत्या तुळईला, हे तिने बोट ठेवून दाखवलं. पाळण्याच्या दोरीने तुळईला पडलेली खाच अजून आहे. अकरा बिऱ्हाडांची आडनावं तिने न अडखळता सांगितली, कोणाकडे किती मुलं होती तेही. नकाशा पूर्ण झाला.

भिंतीवर वरचा पिवळा डिस्टेंपर होता. तुळई_पाटई ताईंनी तळहाताएवढ्या जागेत अलगद सोलून पाहिलं. पिवळ्याखाली हिरवा, त्याखाली पांढरा, आणि मग निळा. निळ्याचेच पाच-सहा थर निघाले. खाली गेरूचा पट्टा, वाकडा. आई म्हणाली, "हा तू ओढलेला."

मग मी तिला मागच्या बोळीबद्दल विचारलं. माजघर काकूंचं लिखाण वाचून दाखवलं होतं. ती बराच वेळ गप्प होती. आमच्या वाड्यात येणाऱ्या बाईचं नाव तिला माहीत होतं. तिला चार मुलं होती, तेही. थोरल्या मुलाच्या लग्नाला तिने आईला बोलावलं होतं आणि आई गेली नव्हती. ते सांगताना तिने पदर डोळ्यांना लावला. नाव आमच्या वहीत लिहिलं आहे. तिच्या घरच्यांना विचारल्याशिवाय इथे लिहीत नाही. पाचपावली भाऊ शोध घेत आहेत.

---

माजघर | सोमवार, सकाळी ६:५५

काल रात्री अकोल्याला माझ्या मोठ्या जावेला फोन केला. ती आता ऐकू कमी येतं म्हणून फोन टाळते. तीनदा ओरडून विचारावं लागलं. तिला आमच्या बाईचं नाव आठवत होतं. फक्त नाव, आडनाव नाही.

मी ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. ढेलज, तुमच्या वहीत आमच्या वाड्यासाठी एक पान सोडा. संत्रा_मोसंबी, रेकॉर्डर घेऊन बुधवारी दहानंतर या, तेव्हा घरी मी एकटी असते.